बंदुकीच्या ‘वॉटरप्रूफ किट’मधल्या सिलिकाच्या पाकिटात मीठ निघालं, सावध राहा

भावांनो, हे लिहायला घेतलं अन दोनदा ठेवून दिलं, राग शांत होत नव्हता. पण पावसाळा अजून सरला नाही आणि शेतीरक्षणाचं लायसन असलेले आपल्या भागात बरेच आहेत, त्यांनी तरी पैसे अन बंदूक दोन्ही वाचवावं म्हणून सगळं लिहून टाकतो.

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, टिपेश्वरच्या जंगलाकडच्या अंगाला. एका धुऱ्याला नाला, नाल्यापलीकडं झुडपी. पराटी (कपाशी) अन तूर असते, थोडं सोयाबीन. रोही (नीलगाय) अन रानडुक्कर रात्रीतून काय करून ठेवतात हे सांगायची गरज नाही, जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, जावंच लागते. बंदूक बाबांची, बारा बोअरची एकनळी, बाबा गेल्यावर वारसानं माझ्या लायसनवर चढली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळं वनखात्याच्या परवानगीशिवाय रोही-रानडुकराला मारता येत नाही, त्यामुळं ती बहुतेक वेळा आवाजानं कळप हाकलायलाच निघते. तरी बंदूक म्हटली की ती ठीकठाक पाहिजेच, बिघडलेली बंदूक धरणाऱ्याच्याच हातात फुटते.

बाबांची पद्धत साधी होती. वावरातून आलं की आधी काडतूस काढायचं, नळी मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून) उजेडाकडं धरून आरपार पाहायचं, मग गजाला सुती चिंधी लावून दोन-तीनदा ओढायची, वरून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा. दस्त्याला, म्हणजे मागच्या लाकडाला, वर्षातून एकदा घरच्या जवसाचं तेल चोळायचे. कव्हर नव्हतंच, कुलपाच्या लाकडी कपाटात उभी असायची. इतकी वर्षं जंगाचा ठिपका नाही.

मग मी काहून फसलो? तर जूनमध्ये मोबाईलवर एक व्हिडिओ आला. एक माणूस कव्हरात बंदूक टाकतो, वरून बादलीभर पाणी ओततो, चेन उघडतो तं आत सगळं कोरडं. ‘मिलिटरी ग्रेड, सहा महिने उघडायची गरज नाही, चिखल धूळ ओलावा काही आत जाणार नाही.’ किटमध्ये कव्हर, अँटी रस्ट ऑइलची बाटली, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची सहा पाकिटं अन नळीच्या तोंडाला लावायची रबरी टोपी. किंमत २,७९९ रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी. त्याच आठवड्यात झड लागली होती, जागलीवरून येताना बंदूक पोत्यात गुंडाळून आणली होती, म्हटलं हेच पाहिजे. पार्सल आणणाऱ्या पोऱ्याला म्हटलं उघडून पाहू दे, तो म्हणे आधी पैसे द्या. दिले.

आता तीन चुका झाल्या त्या नीट सांगतो, तिन्ही माझ्या समोर होत्या अन मी पाहिल्या नाहीत. बाटली उघडली तेव्हा मातीच्या तेलाचा (रॉकेलचा) वास आला. रंग गुलाबी, वास मातीच्या तेलाचा. मला वाटलं केमिकल असंच असते. दुसरं, पाकिटावर इंग्रजीत सिलिका लिहिलं होतं पण आतला माल दिसत नव्हता, जाड पांढरा कागद होता. तिसरं म्हणजे डब्यातल्या कार्डावर लिहिलं होतं की वॉरंटी चालू करायला लायसनचा अन आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, अन मी पाठवला. लायसनच्या पानावर माझं नाव, पत्ता, यूआयएन नंबर (लायसनधारकाचा ओळख क्रमांक), बंदुकीचा नंबर, सगळं.

जुलै असातसाच गेला, मी रोज पुसायचं बंद केलं. वावरातून आलं की कव्हरात टाक, चेन लाव. ऑगस्टमध्ये मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, नागपूरला जावं लागलं. जायच्या आदल्या रात्री जागल होती, भुरभुर पाऊस होता, पहाटे आलो अन बंदूक तशीच कव्हरात घालून कपाटाला कुलूप लावलं. वरवर कोरडी वाटत होती.

बारा दिवसांनी परत आलो. कपाट उघडलं अन चेन ओढली तं आधी कुबट वास, ओल्या गोणपाटाचा येतो तसा. आतला फोम हाताला थंड अन ओला. दोन पाकिटं फुटून कागद नळीला चिकटला होता, तो सोडवला तर खाली अगदी पाकिटाच्या आकाराचा चौकोन, नारंगी, बोट फिरवलं की भुकटी येते. फोमच्या शिवणीची रेघ जिथं नळीवर टेकली होती तिथं जंगाची तशीच सरळ रेघ. नळी मोडून उजेडाकडं धरली. जी नळी आरशासारखी दिसायची तिच्यात धूर भरल्यासारखं, अन काडतूस बसते त्या जागेला काळे ठिपके. बाबांची आठवण आली अन खरं सांगतो खाटेवर बसून राहिलो.

माय डोळ्याला काळा चष्मा लावून बाजूला बसली होती. फुटक्या पाकिटातले दोन खडे तिनं बोटात चोळले अन म्हणाली, “हे तं खडं मीठ हाये रे पोरा.” मला पटेना. उरलेल्या पाकिटातला चमचाभर माल काचेच्या पेल्यात पाण्यात टाकला, ढवळलं, सगळा विरघळला. सिलिकाचे दाणे पाण्यात विरघळत नाहीत, तडतड करतात, फुटतात, पण तळाला राहतात. बुटाच्या डब्यातून निघालेली एक खरी पुडी घरात पडली होती, ती टाकून पाहिली, दाणे जसेच्या तसे तळाला. म्हणजे मी माझ्या हातानं लोखंडाच्या बाजूला मिठाच्या पुड्या ठेवून चेन बंद केली होती. हवेत ७५ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाणी होते, आपल्याकडं झडीच्या दिवसांत रात्री तेवढा ओलावा असतेच. अन मिठाच्या पाण्यासारखा लोखंडाचा वैरी दुसरा नाही.

तेलाचीही परीक्षा घेतली. दोन नवे खिळे, एकाला त्यांचं तेल, एकाला मशीनचं तेल, दोन्ही ओल्या फडक्यावर रात्रभर. सकाळी त्यांच्या तेलाचा खिळा कडेनं लाल, मशीनच्या तेलाचा स्वच्छ. मातीचं तेल घाण काढायला ठीक आहे, पण ते उडून जाते, मागं थर असा राहतच नाही.

रबरी टोपीचं तर वेगळंच सांगायचं आहे, कारण ते जीवाचं आहे. कार्डावर लिहिलं होतं की टोपी न काढताच फायर करता येते. अजिबात करू नका. ती टोपी कडक आहे, नळीत एक इंच आत घट्ट बसते, म्हणजे नळीला बूच मारल्यासारखंच. नळीत ओली माती गेली, चिखलाचा गोळा बसला, चिंधीचा तुकडा राहिला, तरी फायर केल्यावर नळी फुगते नाहीतर फुटते. आपल्या काळ्या मातीत धुऱ्यावरून घसरलं की नळीचं तोंड चिखलात जातेच, माझ्यासोबत दोनदा झालं आहे. त्या वेळी काडतूस काढा, नळी मोडा, मागून आरपार पाहा, दिसलं नाही तर त्या रात्री बंदूक बंद.

मग विकणाऱ्याला फोटो पाठवले. पहिल्या दिवशी ‘सर सॉरी सर’, दुसऱ्या दिवशी ‘सर रिप्लेसमेंटचा चार्ज ४९९’, क्यूआर पाठवला. अन मी तेही भरले. तिसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच नंबरवरून फोन, “तुमचं आर्म लायसन ऑनलाइन अपडेट नाही, आज बंद होईल, ५,००० भरा,” अन माझा यूआयएन त्यानं घडाघडा वाचून दाखवला. तेव्हा पायाखालची जमीन सरकली, तो फोटो कुठं गेला ते समजलं. पैसे दिले नाहीत, सरळ ठाण्यात गेलो. अंमलदार म्हणाले असे पैसे फोनवर कोणी मागत नसते, जे असते ते जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी येते. सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली, मालाबद्दल ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर वेगळी. पैसे अजून आले नाहीत. पण लायसनचा फोटो बाहेर आहे हे कागदावर नोंदलं गेलं, उद्या कोणी त्याचा वापर केला तर माझ्याकडं तारीख आहे. कव्हर विकायला कोणालाही तुमचं लायसन पाहायची गरज नसते, काडतूस विकत घेताना लागते, ते दुकानात समोर उभं राहून.

दुरुस्तीसाठी गावातला एक जण म्हणे, आण माझ्याकडं, पॉलिश पेपर मारून देतो. नाही दिली. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दुरुस्तीलाही लायसन लागते, अन पॉलिश पेपरनं नळीचा जंगापासून वाचवणारा निळा थरच निघून जातो. नागपूरला लायसनवाल्या दुकानात नेली, रिकामी, कव्हरात, लायसन सोबत. मिस्त्रीनं दस्ता वेगळा करून तेलात भिजवलेल्या बारीक स्टील वुलनं हळूहळू जंग काढला, नळी वापरायला धोक्याची नाही हे तपासून दिलं. ३,५०० गेले. काडतुसाच्या जागेचे खड्डे मात्र राहिले, ते आता जात नाहीत म्हणाला.

त्यानंच सांगितलं की फोमचं किंवा रेक्झिनचं कव्हर फक्त न्यायला-आणायला, ठेवायला नाही, कारण आतला ओलावा बाहेर पडत नाही. ओल्यातून आणली की आधी वाऱ्यावर सुकू द्यायची, मग पुसायची. तेल दोन थेंब, जास्त झालं की धूळ धरते अन काळी माती त्यात घासकागदासारखी फिरते, शिवाय तेल ओघळून दस्त्याचं लाकूड सडते. म्हणून ठेवताना नळी खाली, दस्ता वर. घामाच्या हातानं धरली तर बोटांचेसुद्धा ठसे जंगतात, शेवटचा हात तेलाच्या फडक्यानंच फिरवायचा. सिलिका घ्यायची तर रंग बदलणारी घ्या, निळी गुलाबी झाली किंवा नारंगी हिरवी पडली की ती भरली, गरम करून पुन्हा सुकवता येते. काडतुसं वेगळ्या बंद डब्यात, जुनी कागदी असतील तर ओलाव्यानं फुगतात अन नळीत अडकतात.

उरलेली तीन पाकिटं अन बाटली मी काचेच्या बरणीत तक्रार नंबर लिहून ठेवली आहे. ज्यांनी असं किट घेतलं असेल त्यांनी बंदूक आजच कव्हरातून काढा अन एक पाकीट पाण्यात टाकून पाहा, मीठ निघालं तर पाकिटं फेकू नका, तक्रारीला लागतील.