दिव्याचा स्पार्क टेस्टर: अर्धं काम करतो

स्पार्क प्लग आणि प्लगची टोपी यांच्या मधात बसवायचा, ठिणगीचा करंट येतो का ते दाखवणारा हा टेस्टर वापरायला सोपा आहे. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला. मग तीन-चार सेकंद सेल्फ मारायचा. दिवा लुकलुकला म्हणजे कॉइलकडून, म्हणजे प्लगला जास्त व्होल्टेज देणाऱ्या भागाकडून, करंट येतो.

पण तेवढंच कळतं. निऑनचा दिवा मरतुकड्या ठिणगीवरही पेटतो, म्हणून पिकअप नसलेल्या गाडीत तो फसवतो. त्यापेक्षा गॅप, म्हणजे ठिणगीनं उडी मारायचं अंतर, कमी-जास्त करता येणारा टेस्टर घ्या. त्याचा चिमटा इंजिनच्या उघड्या धातूवर लावा, रंगावर नाही. 6-7 मिलिमीटरवरून निळी, कडकड वाजणारी ठिणगी उडाली तर कॉइल ठीक. पिवळट, तुटक असेल तर कमजोर.

एकाच सिलिंडरला ठिणगी नसेल तर शेजारची कॉइल तिथं लावून पाहा. दोष कॉइलसोबत सरकला तर कॉइल गेली. चारही बंद असतील तर आधी इग्निशनचा फ्यूज, मग क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कळवणारा) बघा. कापसाच्या गंजीजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेलं वायरिंगही बघाच.

मे महिन्याच्या उन्हात दिवा दिसत नाही, कोठ्याच्या सावलीत तपासा. डिझेल गाडीवाल्यांनी हा घेऊच नये, तिथं स्पार्क प्लगच नसतो.