बियाण्याचा म्हणून दाखवलेला पिकाचा उतारा मशागतीचा होता

चोपडा तालुक्यातील आमच्या गावात गेल्या खरिपात माझ्यासह काही शेतकऱ्यांची सोयाबीनच्या बियाण्यात फसवणूक झाली. यंदाची पेरणी तोंडावर आली असून तीच माणसे पुन्हा फिरू लागली आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

त्याआधीच्या भाद्रपदात विक्रेत्याने आम्हाला शिवारफेरीला नेले. बांधाच्या एका बाजूला जेएस ३३५ हे जुने वाण पिवळे पडून खुरटलेले होते आणि दुसऱ्या बाजूला त्याचे ‘नवे संकरित वाण’ शेंगांनी लगडलेले होते. फरक डोळ्यांना दिसत असल्याने त्याचे कारण कोणी विचारले नाही. पुढे त्या शेताच्या सालदाराकडून कळले की, लगडलेल्या तुकड्याची उन्हाळ्यात खोल नांगरट करून, वखराच्या दोन पाळ्या देऊन रुंद वरंबा-सरीवर (मातीचे उंच रुंद पट्टे आणि मधे चर) वेळेत पेरणी केली होती, तर जुने वाण नुसत्या वखरलेल्या सपाट रानात पंधरा दिवस उशिरा टाकले होते. आमच्या काळ्या जमिनीत झड लागली की सपाट रानात पाणी तुंबते, मुळांवरील नत्र पुरवणाऱ्या गाठींना हवा मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. वरंब्यावरचे जादा पाणी मात्र सरीतून निघून जाते आणि पावसाने खंड दिला तर सरीत मुरलेली ओल कामी येते. दोन वाणांची तुलना एकाच मशागतीत, एकाच दिवशी पेरून झाली नसेल तर ती ग्राह्य धरू नये.

शिवाय सोयाबीन स्वपरागसिंचित, म्हणजे फुलातल्याच परागाने फळणारे, असल्याने बाजारात त्याचे संकरित बियाणे नसतेच. सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचे घरचे बियाणे दोन-तीन वर्षे चालते. हे ठाऊक असते तर मी तेथेच थांबलो असतो.

पिशवीवर प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग नव्हता की लॉट क्रमांक नव्हता. “दादा, पक्के बिल घेतले तर भाव वाढेल,” असे म्हणून त्याने कोऱ्या कागदावर रक्कम लिहून दिली. उगवण विरळ झाली. फुलोऱ्यात पेरणीच्या एकाच ओळीत पांढरी आणि जांभळी फुले, पुढे लवदार आणि गुळगुळीत शेंगा शेजारी शेजारी दिसल्या, तेव्हा ते बाजारातले सरमिसळ धान्य असल्याची खात्री पटली. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीने पंचनामा केला; परंतु बिल, लॉट क्रमांक आणि पिशवीत राखलेला नमुना यांपैकी काहीच माझ्याजवळ नसल्याने प्रकरण पुढे सरकले नाही.

यंदा घरच्या ३३५ चे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. त्यांतील ७८ उगवले. प्रमाणित बियाण्याचा निकष किमान ७० टक्क्यांचा आहे. तेच बियाणे मी वरंब्यावर पेरणार आहे.