बाळदमा होता, आता आर्मी की पोलीस?

लहानपणी बाळदमा होता, आता १६०० मीटर आरामात निघतं, मग अग्निवीर करू की पोलीस भरती? कोल्हापूरच्या शिरोळ-हातकणंगले भागातली भरतीची पोरं हे मला वरचेवर विचारतात, कारण मी त्याच वाटेनं गेलोय. सैनिक टाकळीच्या पंचक्रोशीत वाढलेल्याला वर्दी म्हणजे आधी आर्मीच. मीही तेच डोक्यात धरून पळत होतो. शेवटी पोलिसात गेलो.

अग्निवीरची चार वर्षांची नोकरी, त्यातले पंचवीस टक्केच पुढं कायम, बाकीच्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम, हे तुम्हाला पाठ आहे, त्यात जात नाही. मैदानातला, म्हणजे शारीरिक चाचणीतला, एक फरक मात्र आपल्यासारख्यांनी बघावा. आर्मीच्या भरती रॅलीत १६०० मीटरला ठरलेल्या वेळेच्या बाहेर गेलात की तिथंच विषय संपला. पोलिसाचं मैदान ५० गुणांचं, त्यात १६०० मीटरला २०. एखाद्या दिवशी दम कमी पडला तर गोळा आणि १०० मीटर थोडंफार सावरून घेतात.

खरी गाठ मेडिकलला. सैन्यदलांच्या निकषांत वारंवार दम्याचा किंवा छातीत घरघरीचा पूर्वेतिहास हेच अपात्रतेचं कारण धरतात. आज तुम्ही कितीही पळा, मागं काय झालं होतं ते आडवं येऊ शकतं. तेराव्या वर्षानंतर त्रास नसेल तर चालतं, असं मोबाईलवर वाचून पोरं निर्धास्त होतात. ती अट अमेरिकेच्या सैन्याची आहे, आपल्याकडं तिचा उपयोग नाही.

मग सगळे एकच सांगतात, बोलायचं नाही. मामा सांगतो, अकॅडमीतली सीनियर पोरं सांगतात. बऱ्या दिवशी स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नाही हे खरंच आहे, दमा येतो-जातो. पण लिहून दिलेली माहिती खोटी निघाली तर भरती झाल्यावरही घरी पाठवू शकतात.

माझं घोडं मात्र पंपावर, म्हणजे दम्याच्या इनहेलरवर अडलं. मला निळा पंप क्वचित लागतो, पण लागतो तेव्हा लागतोच. डिसेंबरातली पहाट, शेजारच्या फडात पाचट पेटवलेलं, गुऱ्हाळाचा धूर धुक्यात अडकून खाली बसलेला. अशात जोरात पळालं की छातीत बारीक शिट्टी वाजायला लागते. दोन पफ घेतले, बांधावर टेकलो, की थोड्या वेळात मोकळं. लपवून भरती झालो असतो तर हा पंप ठेवणार कुठं? ट्रंकेत कपड्यांच्या घडीत? आणि काढणार कुणासमोर? थंड, कोरडी हवा हेच दमा उठवणारं एक कारण, आणि पोस्टिंग लडाखला पडलं तर तीच हवा, वर ऑक्सिजन कमी. तिथं माझा श्वास अडला तर माझं ओझं जोडीदारानं वाहायचं, आणि मला काय होतंय ते त्याला ठाऊकच नाही. हे काही केल्या पटेना.

पोलिसातही मेडिकल आहेच. मी विचारायच्या आधीच सांगितलं, स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजायच्या तपासणीचा, रिपोर्ट पुढं ठेवला आणि पास झालो. सगळ्यांचं तसंच होईल असं म्हणणार नाही, चालू दमा असेल तर तिथंही अडचण येऊ शकते. नोकरीही छातीला सोपी नाही. चैत्रात जोतिबाच्या बंदोबस्ताला उभं राहून बघा, गुलालानं समोरचा माणूस दिसत नाही. पण तोंडाला रुमाल असतो, पंप खिशात असतो, आणि बरोबरच्या हवालदारांना माहीत असतं. मला तेवढं पुरतं.

मराठा लाइट इन्फंट्रीचं नाव निघालं की आजही ऊर भरून येतो, ते खोटं कशाला बोलू. आणि ज्यांनी आर्मी सोडूच नये अशी पोरंही आहेत. दोन-तीन वर्षांचं असताना सर्दीबरोबर छाती वाजायची, शाळेत जायला लागल्यावर बंद झाली, पुन्हा कधी नाही, अशांतल्या बऱ्याच जणांना मुळात दमा नसतोच. त्यांनी छातीच्या डॉक्टरकडून तपासून, तसं लिहून घ्यावं आणि उघडपणे कागद घेऊन रॅलीला जावं. ज्याला शाळेतही पंप होता, त्यानं माझ्या मते पोलिसाकडं वळलेलं बरं.

फॉर्म भरायच्या आधी या दोन्ही प्रकारच्या पोरांनी स्पायरोमेट्री करावी. नळीत फुंकायचं, मग पंप देतात, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली तो आकडा दुसऱ्या वेळी १२ टक्के आणि २०० मिलीलीटरहून जास्त वाढला, तर श्वासनलिका अजून आकसतायत असं डॉक्टर सहसा धरतात. आणि ही तपासणी मे महिन्यात करून समाधान मानू नका. साखर कारखाने सुरू झाले, फडांत पाचट पेटायला लागलं, की त्या आठवड्यात करा.