नव्या पिस्तुलावर आधी काय बदलावं: काही महिन्यांच्या वापरानंतर

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला ते आधीच सांगते: साइट्स, म्हणजे नेम धरायच्या खुणा. त्यानंतर मूठ, मग जादा मॅगझिन्स (गोळ्या भरायचे खण) आणि चांगला होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान). ट्रिगर बराच मागे राहिला. नवं पिस्तूल हातात आलं की जो तो पहिल्यांदा ट्रिगर किटच सुचवतो, म्हणून हे इतकं ठासून लिहिते आहे.

माझं पिस्तूल पॉलिमर फ्रेमचं, स्ट्रायकरवर (काडतुसावर आदळणाऱ्या आतल्या दांडीवर) चालणारं, पूर्ण आकाराचं, ९×१९ मिमीचं. वापर रेंजवरच्या सरावाचा आणि क्लबच्या स्पर्धांचा. स्वसंरक्षणासाठी जवळ बाळगणाऱ्याचा क्रम थोडा वेगळा लागेल, पण पाया हाच राहील असं मला वाटतं.

या वर्गातल्या अनेक पिस्तुलांवर कारखान्यातून प्लास्टिकच्या साइट्स येतात: पुढे पांढरा ठिपका, मागे पांढरी चौकट. डोळा त्या चौकटीकडेच ओढला जातो आणि पुढची साइट धूसर होते. मी मागे साधी काळी, रेघा कोरलेली स्टीलची साइट बसवली आणि पुढे अरुंद, फायबर ऑप्टिकची, म्हणजे उजेडात चमकणाऱ्या धाग्याची. पहिल्याच सरावात नजर कुठे ठेवायची हा प्रश्न सुटला. अंधारात चमकणाऱ्या ट्रिटियमच्या साइट्सही बघितल्या होत्या. ट्रिटियमचं अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षं असतं, म्हणजे तेवढ्या काळात चमक निम्म्यावर येते. उजेडातल्या रेंजवर त्याचा उपयोग नव्हता, म्हणून सोडल्या.

साइट्स घेताना उंची नक्की बघा. दोन साइट्समधलं अंतर १६५ मिमीच्या आसपास असेल, तर पुढच्या साइटच्या उंचीत अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा २५ मीटरवर गोळी साडेसात सेंटिमीटर वरखाली नेतो. गोळ्या खाली बसत असतील तर पुढची साइट बुटकी हवी. हे उलटं वाटतं, पण कागदावर रेघ मारून बघितलं की पटतं. आणि आधी मूळ साइट्स ठेवूनच, हात टेकवून, शांतपणे काही गोळ्यांचा गट मारून घ्या. खाली जाणाऱ्या गोळ्यांचं कारण पुष्कळदा साइट नसून ट्रिगर ओढताना दाबला जाणारा मनगटाचा भाग असतो. त्यावर कुठलाही पार्ट मिळत नाही.

रेड डॉटवर, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटवर, मी पुढच्या टप्प्यात गेले. स्लाइडला (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला) त्यासाठी खाच आधीच होती, त्यामुळे फक्त प्लेट लागली. ठिपक्याचा आकार निवडताना जाहिरातीपेक्षा हिशेब कामाला येतो: ३.२५ एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका २५ मीटरवर सुमारे २.४ सेंमी झाकतो, ६ एमओएचा सुमारे ४.४ सेंमी. मोठा ठिपका पटकन सापडतो, लहान ठिपका लांबच्या नेमाला बरा. मी लहान घेतला आणि समाधानी आहे. पहिले काही आठवडे मात्र पिस्तूल उचललं की काचेत ठिपकाच दिसायचा नाही. रिकाम्या पिस्तुलावर रोज उचलण्याचा सराव केला तेव्हा मनगटाला तो कोन समजला. स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवरच आवळा, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा, लाल नको, आणि स्क्रूच्या डोक्यावर रंगाची बारीक रेघ ओढा. रेघ सरकली की स्क्रू सैल झाला हे लगेच कळतं.

माझे हात लहान आहेत. सोबत आलेल्या, मुठीच्या मागे बसणाऱ्या पाठपट्ट्यांपैकी सर्वात छोटी लावली आणि बोटाचं पेर ट्रिगरवर सरळ बसायला लागलं. त्याला वेगळा खर्च नाही. वरून खरखरीत ग्रिप टेप लावली. घामाच्या दिवसात झटक्यानंतर मूठ हातात फिरायची ती थांबली. एवढ्या कमी खर्चात इतका फायदा देणारी दुसरी गोष्ट मला सापडलेली नाही.

आता ट्रिगर. अशा पिस्तुलांच्या मूळ ट्रिगरची ओढ साधारण अडीच किलोच्या आसपास असते आणि नवा असताना तो जरा खरखरतो. वापराने आणि रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगर ओढण्याच्या सरावाने तो बराच मऊ होतो, त्याला तेवढा वेळ द्यायला हवा. निव्वळ नेमबाजीच्या खेळातही आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) २५ मीटर पिस्तूल प्रकारांत ट्रिगर १००० ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही, मग होल्स्टरमधून काढायच्या पिस्तुलाला त्याहून हलका कशाला? एका पार्ट बनवणाऱ्याची हलकी स्ट्रायकर स्प्रिंग मी बसवून पाहिली. ओढ हलकी झाली, पण कडक प्रायमरच्या (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीच्या) काडतुसांवर नुसता उथळ खळगा पडायचा आणि बार उडायचा नाही. मूळ स्प्रिंग परत घातली, तक्रार संपली.

ट्रिगरच्या आतल्या भागांबद्दल मी कडक बोलते त्याचं कारण सुरक्षितता आहे. स्ट्रायकर, सिअर (स्ट्रायकर अडवून धरणारा खटका), स्ट्रायकर ब्लॉक (ट्रिगर ओढेपर्यंत स्ट्रायकर रोखणारी सेफ्टी) आणि ट्रिगरच्या तुकड्याचं वजन हे सगळं एकमेकांशी जुळवलेलं असतं. २०१७ साली पी३२० पिस्तूल ठरावीक कोनात पडल्यावर गोळी सुटू शकते हे पुढे आल्यानंतर सिग सॉअरने जो बदल देऊ केला, त्यात खुद्द ट्रिगरच्या तुकड्याचं वजन कमी करणं हाही भाग होता. पिस्तूल आपटल्यावर जड ट्रिगर स्वतःच्या जडत्वाने मागे जाऊ शकतो. म्हणून सुंदर दिसणारा भरीव धातूचा ट्रिगर घेण्याआधी थांबा, आणि बसवायचाच असेल तर जाणकार आर्मररकडून (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडून) बसवून, सेफ्टी तपासून घ्या.

मॅगझिन्स मूळ कंपनीचीच घ्या आणि त्यांवर क्रमांक घाला. गोळी अडकली की क्रमांक टिपायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर दोष पिस्तुलाचा नाही, त्या मॅगझिनच्या स्प्रिंगचा किंवा गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांचा आहे. क्षमता किती चालते आणि कुठले भाग परवान्याखाली येतात हे आपापल्या कायद्यात आधी बघावं. बॅरल (नळी) आणि स्लाइडवर अनेक देशांत निर्बंध आहेत.

होल्स्टर पिस्तुलाच्या नेमक्या मॉडेलचा, ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारा, कडक असावा. रेड डॉट बसवल्यावर त्याची कड आड येते का तेही बघा.

रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) मी मूळ ताकदीचीच ठेवली आहे. जड स्प्रिंगने स्लाइड पुढे जोरात आपटून नळी खाली झुकते आणि सौम्य काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या नीट बाहेर पडत नाहीत. हलकीने स्लाइड मागे जास्त जोरात आदळते. नवी बॅरल घेण्याचं कारण मला एकच दिसतं, उघड्या शिशाच्या गोळ्या वापरायच्या असणं: पॉलिगोनल रायफलिंगच्या (आतून धारदार खाचांऐवजी गोलसर बहुकोनी असलेल्या) नळीत उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं ग्लॉकसारखे उत्पादक सांगतात, आणि मी तांब्याचं आवरण असलेल्याच वापरते, म्हणून मला ती लागत नाही. कॉम्पेन्सेटरचा, म्हणजे नळीच्या तोंडाशी बसून झटका कमी करणाऱ्या तुकड्याचा, मोह आहे. पण तो आला की स्प्रिंग, काडतूस आणि होल्स्टर तिन्ही नव्याने जुळवावे लागतील, म्हणून या मोसमातल्या स्पर्धा होईपर्यंत पिस्तूल आहे तसंच ठेवणार आहे.