तारे ओळखायला शिकताय? तारानकाशा, अ‍ॅप की दुर्बीण

दुर्बिणीचं आधी उरकून टाकू. सुरुवातीला ती नकोच. १०×५० च्या, म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या द्विनेत्री दुर्बिणीतून एका वेळी जेमतेम साडेसहा अंश आकाश दिसतं. मृगाचे चार पाय त्यात मावत नाहीत. कृत्तिका मात्र पुढे कधीतरी तिच्यातून जरूर बघा, डोळ्यांचं पारणं फिटतं.

खरा प्रश्न अ‍ॅप की छापील फिरता तारानकाशा, हा. स्टेलॅरियमसारखं अ‍ॅप उघडून फोन वर धरला की नाव हजर. ग्रहांच्या बाबतीत तर त्याला तोड नाही. ग्रह जागा बदलत राहतात, म्हणून छापील नकाशात ते नसतातच. रोहिणीशेजारी एखादा ठळक, न लुकलुकणारा ‘जादा तारा’ दिसला की नवशिका हमखास गोंधळतो. तिथे अ‍ॅप लगेच सोडवतं. पण जवळ लोखंड असलं की फोनचं होकायंत्र बिघडतं आणि सगळं चित्र सरकतं. शिवाय अंधाराला सरावायला डोळ्यांना २०-३० मिनिटं लागतात, पांढऱ्या स्क्रीनवर नजर गेली की पुन्हा पहिल्यापासून. लाल रंगाचा रात्र-मोड लावाच. माझी मोठी तक्रार वेगळीच आहे: आयतं मिळालेलं नाव टिकत नाही. कित्येक रात्री मी अ‍ॅपवर काढल्या, पण फोन खिशात गेला की स्वाती कुठली नि चित्रा कुठली, सांगता येईना.

ते जमलं नकाशामुळे. तो आपल्या अक्षांशाचा घ्या. तारीख आणि वेळ जुळवून चकती फिरवली की त्या घडीचं आकाश समोर येतं. पूर्व-पश्चिम उलट छापल्यासारख्या वाटतील. नकाशा डोक्यावर धरा, बरोबर जुळतील. मग खुणेवरून खूण शोधायची. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे धरून रेघ एकीकडे वाढवली की व्याध, दुसरीकडे रोहिणी आणि तिच्यापुढे कृत्तिका. सप्तर्षीत अंगिरस, वसिष्ठ, मरीची हा शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती, आणखी पुढे चित्रा. चकती फिरवतानाच समजतं की तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. म्हणून डिसेंबरात संध्याकाळी पूर्वेला उगवणारा मृग मार्चमध्ये त्याच वेळी पार वर चढलेला असतो.

आंतरराष्ट्रीय यादीत ८८ तारकासमूह आहेत. त्यांच्या मागे लागू नका, दहा पक्के झाले तरी पुष्कळ. एकच वस्तू घेणार असाल तर नकाशा घ्या. अ‍ॅप असू दे, पण आधी नकाशावरून ओळखा, नाव मोठ्याने म्हणा आणि मगच फोन काढून पडताळा.