विश्रामबागेतील संभाषणवर्ग: एक अभिप्राय

सांगलीच्या विश्रामबाग भागातील या वर्गात भाषणे पाठ करून घेत नाहीत, तर समोरच्याचे नीट ऐकून त्याला प्रतिसाद द्यायला शिकवतात, आणि तेच मला सर्वांत मोलाचे वाटले. स्वतःला अबोल म्हणवणाऱ्या एका मुलीला सोबत्यांनी हळदीच्या सौद्यांविषयी विचारले, तेव्हा वडिलांच्या अडत दुकानात बसून पाहिलेले सारे तिने न अडखळता सांगितले. पुढे सगळे त्या विषयात तिलाच विचारू लागले आणि तिचा आवाजही खुलला. इतरांच्या नजरेत आपण कसे दिसतो, या कल्पनेतून 'मी' घडतो, असे समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये मांडले होते. त्याचा प्रत्यय येथे येतो. शुल्क रास्त आहे. गट मात्र मोठे असल्याने मागे बसणाऱ्या लाजऱ्यांची पाळी क्वचितच येते, म्हणून ते लहान करावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.