फोर्कलिफ्टच्या 'लायसन्स'पायी १९,२०० रुपये गेले

'फोर्कलिफ्ट ऑपरेटर व्हा, शंभर टक्के जॉब' अशी जाहिरात बघून फोन लावणार असाल तर थांबा. (फोर्कलिफ्ट म्हणजे पुढच्या दोन लोखंडी काट्यांवर, म्हणजे फोर्कवर, माल उचलणारी कारखान्यातली गाडी.) सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

नोंदणी ५००, फी १४,०००, लायसन्स खर्च ३,५००, हेल्मेट-जॅकेट १,२००. एकूण १९,२००. यातले १०,००० आईनं बचत गटातून उचललेत. खुळा म्हणा मला. पण आयटीआय फिटर होऊन दीड वर्ष घरात बसल्यावर कुणी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या पगाराचे आकडे सांगितले की माणूस फार चौकशी करत नाही.

दोन दिवसांचा कोर्स. पहिला दिवस व्हिडिओत गेला. दुसऱ्या दिवशी शेडात एक फोर्कलिफ्ट, ताजा पिवळा रंग मारलेली. "बॅटरी उतरलीय, चार्ज झाली की चालवू." तोवर तेवीस पोरांनी पाळीपाळीनं सीटवर बसून फोटो काढले. बॅटरी काही चढली नाही, सर्टिफिकेटं मात्र छापून तयार.

तिथंच कळायला पाहिजे होतं! मशीनवरच्या प्लेटवरूनही रंग फिरवलेला. मी फिटर माणूस, विचारलं, "सर, यावर काय होतं?" म्हणे, "कंपनीचं नाव." आणि मी गप्प बसलो. पैसे आधीच भरलेले, उगाच वाकड्यात कशाला शिरा. (पूर्ण फी आधी भरू नका. मशीन चालू करून दाखवा म्हणा.)

पुढं एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ट्रायलला गेलो. साहेबांनी पहिलंच विचारलं, "प्लेट वाच." ३,००० किलो, ५०० मिलिमीटर. "मग ही २,८०० किलोची लांब पेटी उचलशील?" मी छातीठोक हो म्हणालो. ते नुसते बघत राहिले. ३,००० किलो तेव्हाच, जेव्हा वजनाचा मध्य फोर्कच्या बुडापासून ५०० मिलिमीटरच्या आत असतो. पेटी लांब, मध्य पुढं सरकला, की गाडी मागून वर उचलली जाते. त्यांनी रिकामी चालवायला दिली. मागची चाकं वळतात हे व्हिडिओत ऐकलं होतं, पण मागचं धूड किती बाहेर फिरतं ते अंगाला माहीत नव्हतं. कोअरचा (ओतकामाच्या साच्यात ठेवायच्या वाळूच्या ठोकळ्यांचा) रॅक धडकून आडवा पडला. "तिथं माणूस असता तर?" साहेब एवढंच म्हणाले. गाडी कलंडली तर उडी मारायची नाही, बेल्ट लावून आत घट्ट धरून बसायचं, हे तिथल्या जुन्या ऑपरेटरनं चहा पिता पिता सांगितलं. फुकट.

पोलीस ठाण्यात गेलो. "सर्टिफिकेट मिळालं ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे." दुसऱ्या खेपेला, "शेड आमच्या हद्दीत नाही." हद्द नसली तरी तक्रार घ्यायची असं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे एका वकिलानं सांगितलं. तेच ठाण्यात बोललो तर, "मग वकिलालाच घेऊन या." तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. कारखान्यांची सुरक्षा बघणाऱ्या कचेरीत म्हणाले, आमचं काम गेटच्या आत. म्हणजे मी आधी कुणाच्या तरी अंगावर गाडी घालायची आणि मग यांनी यायचं? फक्त कारखान्याच्या आवारात वापरायला खास बनवलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच येत नाही, मग ते ३,५०० कसल्या लायसन्सचे, हेही कुणी विचारेना.

१४,००० रोख दिले, पावती नाही. तुम्ही तेवढं तरी करू नका.

जाहिरातीतला नंबर अजून चालू आहे. काल दुसऱ्याच्या फोनवरून लावला. "पुढची बॅच सोमवारी," म्हणाला.